सायकल चोरीला गेली, पण घर फुटलं का?

वाचकांचे प्रश्न : घरविमा आणि महागडी सायकल

लाख-दीड लाखाची सायकल आता बऱ्याच घरांत दिसते. घरातल्या टीव्ही-फ्रिजपेक्षा ती महाग असते, तरी विम्याच्या कागदावर तिचं नावही नसतं. आलेल्या पत्रांतल्या अडचणी बघता घोटाळा पैशांपेक्षा शब्दांचा जास्त आहे. आपण ज्याला सरसकट ‘चोरी’ म्हणतो, त्याचे विमा कंपनी तीन-चार वेगळे प्रकार करते. म्हणून काही उत्तरं मुद्दाम लांब दिली आहेत.

प्रश्न : गृहकर्ज घेताना बँकेनंच घराचा विमा काढून दिला. माझी रोडबाइक 1 लाख 85 हजारांची आहे. घरातून चोरीला गेली तर या विम्यातून भरपाई मिळेल का? (कोथरूड, पुणे)

बहुधा नाही. बँकेला काळजी असते ती तारण ठेवलेल्या वास्तूची. त्यामुळे कर्जासोबतची पॉलिसी बऱ्याचदा फक्त इमारतीपुरती असते, घरातलं सामान तिच्यात नसतंच. तुमच्या पॉलिसीचं शेड्यूल, म्हणजे नाव-पत्ता-रकमांचं पहिलं पान, काढा आणि ‘कंटेंट्स’ या शब्दापुढे रक्कम आहे का ते बघा. तिथं शून्य किंवा रेघ असेल तर पुढचं वाचायची गरज नाही.

रक्कम असली तरी दुसरी अडचण उरते. 1 एप्रिल 2021 पासून सर्व साधारण विमा कंपन्यांना ‘भारत गृह रक्षा’ नावाची एकसारखी पॉलिसी द्यावी लागते. इमारत आणि सामान दोन्हींचा विमा घेतला, तर इमारतीच्या विमा रकमेच्या 20 टक्के, पण जास्तीत जास्त 10 लाख रुपये, इतकं सामान तिच्यात आपोआप येतं. वास्तू 40 लाखांची असेल तर सामान 8 लाखांचं. हे वाचून माणूस निर्धास्त होतो. पण ही पॉलिसी मुळात आग, पूर, वादळ, भूकंप, दंगल अशा संकटांची आहे. चोरी तिच्यात एकाच वाटेनं येते : असं एखादं संकट घडलं आणि त्याच्यामुळे 7 दिवसांच्या आत चोरी झाली तरच. पुराचं पाणी घरात शिरलं, तुम्ही नातेवाइकांकडे गेलात आणि चौथ्या दिवशी उघड्या घरातून सायकल गेली, तर ती चोरी बसते. एरवी एखाद्या मंगळवारी दुपारी कुलूप तोडून सायकल नेली, तर मूळ पॉलिसीत ती बसत नाही.

म्हणून चोरीसाठी वेगळं कलम जोडून घ्यावं लागतं. एक वाट म्हणजे भारत गृह रक्षेसोबत घरफोडीचं जोड-संरक्षण घेणं. दुसरी वाट म्हणजे जुन्या धर्तीची ‘हाउसहोल्डर्स पॅकेज’ पॉलिसी. हिच्यात आग, घरफोडी, दागिने, उपकरणांचा बिघाड असे वेगवेगळे भाग असतात आणि त्यातले हवे ते निवडता येतात. न्यू इंडिया, नॅशनल, ओरिएंटल, युनायटेड इंडिया या चार सरकारी कंपन्यांच्या अशा पॉलिसींत ‘पेडल सायकल’ हा स्वतंत्र भाग परंपरेनं चालत आला आहे. एजंट त्याबद्दल सहसा बोलत नाहीत, कारण वर्षानुवर्षं कुणी मागितलाच नाही. नाव घेऊन मागा.

प्रश्न : आमच्या सोसायटीत स्टिल्ट पार्किंग (इमारतीखाली खांबांमधली उघडी जागा) आहे. घरफोडीचं कलम घेतलेलं होतं. रात्री केबल लॉक कापून मुलाची 62 हजारांची सायकल नेली. कंपनी म्हणते, ही घरफोडी नाही. लॉक तोडलं, ही फोडाफोडी नाही का? (ठाणे)

व्यवहारात तुमचं म्हणणं बरोबर वाटतं, पण पॉलिसीची व्याख्या आडवी येते. घरफोडीच्या कलमात ‘बळजबरीनं आणि हिंसक रीतीनं विमाकृत जागेत शिरणं किंवा तिथून बाहेर पडणं’ अशा अर्थाचे शब्द असतात. बळ कुठं लावलं ते तिथं महत्त्वाचं असतं. दाराचा कोयंडा उचकटला, खिडकीचा गज वाकवला, ग्रिलचं वेल्डिंग तोडलं, तर ते जागेत शिरण्यासाठी लावलेलं बळ झालं. स्टिल्टमध्ये चोर चालत आला, कटरनं केबल कापली आणि चालत गेला. त्याचं बळ लागलं वस्तूच्या कुलपाला, जागेत शिरायला काही तोडावं लागलं नाही. पॉलिसीच्या व्याख्येतच बळजबरीची अट असेल तर त्या अटीशिवाय झालेली चोरी घरफोडी ठरत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानं 2004 मध्ये दिला आहे. कंपन्या तोच दाखवतात.

यात आणखी एक चकवा आहे. भारत गृह रक्षेत इमारतीच्या व्याख्येत पार्किंगची जागाही धरलेली आहे. त्यामुळे ‘पार्किंग म्हणजे घरच की’ असा समज होतो. पण ती व्याख्या आग-पुरात इमारतीचं नुकसान झालं तर ते भरण्यासाठी आहे. घरफोडीच्या कलमात जागा म्हणजे साधारणपणे तुमच्या ताब्यातली, बंद करता येणारी जागा. चाळीस कुटुंबांची सामाईक पार्किंग त्यात धरून घेता येत नाही.

तुमच्या प्रकरणात दोन गोष्टी तपासा. पॉलिसीत घरफोडीच्या जोडीला ‘लार्सेनी’ किंवा ‘थेफ्ट’ हा शब्द आहे का? असेल तर तोडफोडीशिवायची चोरीही त्यात येते आणि मग वाद फक्त जागेचा उरतो. दुसरं, सोसायटीचं फाटक त्या रात्री बंद होतं का आणि ते उचकटल्याच्या खुणा आहेत का? फाटकाचं कुलूप तोडलेलं असेल तर त्याचे फोटो आणि सोसायटीच्या सचिवांचं पत्र जोडून फेरविचाराचा अर्ज करा. दोन्ही नसेल, तर स्पष्ट सांगायचं तर हा दावा कठीण आहे.

इतर वाचकांसाठी : सायकल सदनिकेच्या आत ठेवली की हा वाद संपतो. जागा नसेल तर भिंतीवर उभं टांगायचं हुक लावा. त्याला जमिनीवर साधारण दोन-अडीच फूट रुंदी पुरते. हुक विटेच्या सांध्यात न मारता काँक्रीटच्या बीममध्ये किंवा कॉलममध्ये अँकर बोल्टनं बसवा. दारात, जिन्याच्या चौकात ठेवलेली सायकल कुलपात असली तरी घराबाहेरच धरली जाते.

प्रश्न : विमा कंपनीला नेमकं काय विचारावं? एजंट म्हणतो, ‘सगळं कव्हर आहे.’ (छत्रपती संभाजीनगर)

‘सगळं कव्हर आहे’ हे वाक्य फोनवर ऐकून उपयोग नाही. पॉलिसी घेण्याआधी कंपनीच्या ग्राहकसेवेला ईमेल करा आणि उत्तर जपून ठेवा. मजकूर साधारण असा असू द्या :

‘माझ्याकडे अमुक कंपनीची, अमुक मॉडेलची, अमुक फ्रेम क्रमांकाची सायकल आहे. आजची नवी किंमत इतकी. कृपया लेखी कळवा : 1) घराचं दार किंवा खिडकी न तोडता चोरी झाली तर भरपाई आहे का? 2) सोसायटीच्या पार्किंगमध्ये साखळकुलपात असताना आहे का? 3) घराबाहेर, रस्त्यावर कुलपात असताना आहे का? 4) एका वस्तूसाठी कमाल मर्यादा किती? 5) भरपाई नव्या किमतीनं की घसारा वजा करून? 6) दाव्यातली किती रक्कम मला सोसावी लागेल? 7) घर सलग किती दिवस बंद राहिलं तर चोरीचं संरक्षण थांबतं?’

इंग्रजीतून पाठवलीत तरी चालेल, प्रश्न मात्र हेच ठेवा. चौथा आणि पाचवा सर्वांत महत्त्वाचे. सामानाची एकूण रक्कम 8 लाख असली तरी शेड्यूलमध्ये नाव न घेतलेल्या एका वस्तूला कमी मर्यादा असू शकते. म्हणून 40-50 हजारांवरची सायकल शेड्यूलमध्ये स्वतंत्र ओळ म्हणून लिहून घ्या : ब्रँड, मॉडेल, वर्ष, फ्रेम क्रमांक, रक्कम. दहा-बारा हजारांच्या सायकलीसाठी हा खटाटोप नको, ती सर्वसाधारण सामानात मोजा.

घसाऱ्याचं गणित समजून घ्या. समजा सायकल 1 लाख 20 हजारांना घेतली, चार वर्षं झाली आणि कंपनी वर्षाला 10 टक्के घसारा धरते. हातात येणार 72 हजार, आणि त्यातून तुमच्या वाट्याची रक्कम आणखी वजा. ‘नव्याला नवी’ तत्त्वावर पॉलिसी घेतली तर आजच्या बाजारात तशी सायकल घ्यायला जे लागेल ते मिळतं. हप्ता थोडा जास्त पडतो, पण सायकलीसारख्या झपाट्यानं किंमत उतरणाऱ्या वस्तूसाठी तो द्यावा असं आमचं ठाम मत आहे.

विमा रक्कम कमी दाखवून हप्ता वाचवायचा मोह टाळा. भारत गृह रक्षेत रक्कम कमी पडली तरी प्रमाणात कपात होत नाही, पण घरफोडीच्या वेगळ्या कलमाला ती सवलत असेलच असं नाही. घरात 10 लाखांचं सामान आणि विमा 5 लाखांचा असेल, तर 2 लाखांच्या चोरीत 1 लाखच मिळतो. उलट बाजूनं फुगवूनही फायदा नाही. सप्टेंबर 2025 मध्ये सायकलींवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला. त्याआधीच्या बिलाची रक्कम तशीच लिहिली असेल तर नूतनीकरणाच्या वेळी आजची किंमत विचारून दुरुस्त करा.

प्रश्न : सायकल जुनी घेतली, बिल नाही. नंतर चाकं आणि गिअर बदलले. किंमत कशी सिद्ध करायची? (नाशिक)

आधी फ्रेम क्रमांक शोधा. सायकल उलटी करून सीट आणि हँडलवर उभी करा. पायडलचा दांडा फ्रेममधून जिथं आरपार जातो, ती आडवी जाड नळी म्हणजे बॉटम ब्रॅकेट. तिच्या पोटावर अक्षरं-अंक ठोकलेले असतात. चिखल आणि ग्रीसखाली ते बुजलेले असतात. जुन्या टूथब्रशनं साबणपाणी लावून पुसा, टॉर्च तिरका धरा म्हणजे अक्षरांची सावली पडून वाचता येतं. तिथं नसेल तर हँडलखालच्या नळीवर किंवा सीटच्या नळीवर बघा. कार्बन फ्रेमवर तो ठोकता येत नाही, लॅकरच्या थराखालच्या चिकटपट्टीवर असतो. ती पट्टी स्वच्छतेच्या भरात खरवडू नका. लोक हमखास चुकतात ते इथं : फोर्कवरचा, गिअरवरचा किंवा खोक्यावरचा मॉडेल कोड फ्रेम क्रमांक म्हणून लिहितात. मॉडेल कोड हजारो सायकलींना एकच असतो.

बिलाऐवजी मालकी दाखवायला विकणाऱ्याकडून साध्या कागदावर विक्रीची पावती घ्या, तिच्यात फ्रेम क्रमांक, रक्कम आणि तारीख असू द्या. यूपीआय किंवा बँकेची नोंद तिला जोडा. मूळ मालकाकडे पहिलं बिल असेल तर त्याची प्रत मागा. मग चांगल्या सायकल दुकानातून लेटरहेडवर मूल्यांकन घ्या. त्यात फ्रेम, फोर्क, गिअरसंच, चाकं, सॅडल यांची वेगवेगळी नावं आणि आजच्या किमती हव्यात. नुसतं ‘एक रोडबाइक, चांगल्या स्थितीत’ असं लिहिलेलं पत्र सर्व्हेयरच्या, म्हणजे कंपनीतर्फे नुकसान तपासणाऱ्याच्या, उपयोगाचं नसतं.

बदललेल्या चाकांची आणि गिअरची बिलं कंपनीला पाठवून शेड्यूलमध्ये रक्कम वाढवून घ्या, त्याचं एन्डॉर्समेंट, म्हणजे बदलाची पॉलिसीला जोडलेली नोंद, मिळतं. हे केलं नाही तर चोरीनंतर मूळ सायकलीचेच पैसे मिळतात, वरचे चाळीस-पन्नास हजार पाण्यात. फोटो पाच काढा : उजवी बाजू पूर्ण, डावी बाजू पूर्ण, फ्रेम क्रमांक, गिअरसंच, आणि एखादी ओळखीची खूण. टॉप ट्यूबवरचा ओरखडाही चालतो.

प्रश्न : घराबाहेर, म्हणजे बीआरएमला (लांब पल्ल्याच्या सायकल फेरीला) किंवा चहाच्या टपरीवर थांबल्यावर सायकल गेली तर? (कोल्हापूर)

भारत गृह रक्षेत घराबाहेर नेलेल्या वस्तूचं नुकसान वगळलेलं आहे. घरफोडीचं कलमही घरापुरतंच. बाहेरसाठी ‘पेडल सायकल’ भाग किंवा ‘ऑल रिस्क’ प्रकारचं संरक्षण लागतं, आणि त्यात भौगोलिक मर्यादा काय लिहिली आहे ते बघा.

अशा कलमांत शर्यत, शर्यतीचा सराव आणि भाड्यानं देणं हे साधारणपणे वगळलेलं असतं. बीआरएम ही शर्यत नसते, तिच्यात क्रमांक काढत नाहीत, ठरलेल्या वेळेत अंतर पुरं करायचं असतं. पण 200 किंवा 300 किलोमीटरचा कार्यक्रम, छातीवर नंबर, हे बघून सर्व्हेयरचा गैरसमज होऊ शकतो. पॉलिसी घेतानाच ईमेलमध्ये ‘वेळेच्या मर्यादेतील, क्रमांक न काढणारा लांब पल्ल्याचा सायकल प्रवास’ असं लिहून मान्यता घ्या.

टपरीवर सायकल नुसती टेकवून आत जाल तर कुठलीच कंपनी पैसे देणार नाही. न हलणाऱ्या वस्तूला, फ्रेममधून घेऊन, कुलूप हवं. बारीक केबल लॉकच्या प्लॅस्टिकच्या वेष्टणात पातळ तारांची वेणी असते. ती हातातल्या कटरनं काही सेकंदांत तुटते. कडक पोलादाचं डी-लॉक हे किमान समजा, आणि दोन्ही किल्ल्या सांभाळा. दाव्याच्या वेळी त्या मागतात.

प्रश्न : फक्त पुढचं चाक आणि जीपीएस संगणक नेला. (डोंबिवली)

सायकल जागेवर आणि सुटे भाग गेले, तर बहुतेक ‘पेडल सायकल’ कलमांत भरपाई नाही. अ‍ॅक्सेसरीची चोरी सायकलीसोबत झाली तरच ती धरतात. चाक हातानं सोडवता येणाऱ्या क्विक रिलीजच्या दांड्या काढून षटकोनी पान्यानं उघडणारे स्क्युअर बसवा आणि संगणक खिशात न्या.

प्रश्न : माझी ई-सायकल आहे. ती घरविम्यात येते की मोटार विम्यात? (पणजी)

मोटारची 30 मिनिटांची शक्ती 250 वॉटपेक्षा कमी, वेग ताशी 25 किलोमीटरच्या आत आणि बॅटरी सोडून वजन 60 किलोपर्यंत असेल, तर केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार ती मोटार वाहन धरली जात नाही. नोंदणी नाही, म्हणून मोटार विमाही नाही. दुसरीकडे घरविम्याच्या काही कलमांत ‘यांत्रिक शक्तीवर चालणारी वाहनं’ वगळलेली असतात. अशी ई-सायकल दोन्ही विम्यांच्या मधल्या फटीत पडते. म्हणून शेड्यूलमध्ये ‘पेडल असिस्ट सायकल, नोंदणीची आवश्यकता नसलेली’ असं लिहून घ्या आणि उत्पादकाचं तपशीलपत्रक जोडा.

साध्या सायकलीला बाजारातून जास्त शक्तीचं किट बसवलं असेल, तर ती कायद्यानं मोटार वाहन होते. तिच्यासाठी घरविम्याचा दावा टिकणार नाही, आणि नोंदणी-विम्याशिवाय रस्त्यावर आणणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. बॅटरीबद्दलही एक गोष्ट माहीत असू द्या. चार्जिंग करताना शॉर्टसर्किट होऊन बॅटरीच जळाली तर त्या बॅटरीची भरपाई आगीच्या कलमात नसते. तिथून आग पसरून पडदे-फर्निचर जळालं, तर त्याची असते.

प्रश्न : सायकल चोरीची तक्रार द्यायला गेलो. पोलीस म्हणाले, ‘ऑनलाइन गहाळ नोंद करा, प्रमाणपत्र मिळेल.’ ते चालेल का? (नागपूर)

अजिबात नको. हा सल्ला चांगल्या हेतूनं दिलेला असला तरी दावा तिथंच बुडतो. ‘गहाळ’ म्हणजे वस्तू हरवली. आपोआप दिसेनाशी झालेली, कुठल्याही एका ठरावीक घटनेशी जोडता न येणारी वस्तू घरविम्यात वगळलेली असते. हरवल्याची नोंद मोबाइल, पासबुक, गुणपत्रिका अशा गोष्टींसाठी आहे. चोरीसाठी एफआयआरच हवा.

1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. चोरी कलम 303 मध्ये येते, राहत्या घरातली चोरी कलम 305 मध्ये. इथं किमतीला महत्त्व आहे. चोरीचा माल 5 हजार रुपयांपेक्षा कमी असेल तर साधी चोरी अदखलपात्र ठरू शकते, मग हातात फक्त एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, येते. ‘जुनी सायकल, किंमत अंदाजे 4 हजार’ असं कुणी घाईत लिहिलं तर 60 हजारांच्या सायकलीचं प्रकरण तिथंच संपतं. म्हणून ठाण्यात जाताना बिल किंवा मूल्यांकन, फ्रेम क्रमांक आणि फोटो सोबत न्या. सही करण्याआधी चार गोष्टी वाचून बघा : किंमत, फ्रेम क्रमांक, सायकल नेमकी कुठं होती, आणि काय तोडलं. दाराचं कुलूप तोडलं असेल तर तो शब्द तक्रारीत आलाच पाहिजे. नंतर पुरवणी जबाबात घातलेल्या गोष्टीवर सर्व्हेयर संशय घेतो.

जाता येत नसेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे इलेक्ट्रॉनिक मार्गानं माहिती देता येते, 3 दिवसांत सही करावी लागते. एफआयआरची प्रत मोफत मिळते. नोंदवून घेतला नाही तर लेखी तक्रार टपालानं पोलीस अधीक्षकांना, आयुक्तालयाच्या हद्दीत उपायुक्तांना पाठवा आणि पोच ठेवा.

घटनास्थळी पहिल्या तासाभरात करायचं काम म्हणजे काहीही न उचलणं. कापलेलं कुलूप, कोयंड्याचे वाकलेले स्क्रू, खाली पडलेला लाकडाचा भुसा, हे सगळं आधी फोटोत घ्या. तुटलेलं कुलूप कचऱ्यात टाकणारे बरेच असतात. पंचनामा झाल्यावर ते पोलिसांनी घेतलं नाही तर पिशवीत घालून ठेवा. सीसीटीव्हीचं चित्रण थोड्याच दिवसांत नव्या चित्रणाखाली पुसलं जातं. त्याच दिवशी सोसायटीच्या सचिवांना लेखी पत्र देऊन त्या वेळेची प्रत पेन ड्राइव्हवर मागा. विमा कंपनीला त्याच दिवशी फोन करा, तक्रार क्रमांक लिहून घ्या आणि मागोमाग ईमेल करा.

पुढं कंपनी पोलिसांचा अंतिम अहवाल मागेल. महाराष्ट्रात त्याला ‘अ समरी’ म्हणतात : गुन्हा खरा, पण आरोपी सापडला नाही. तो न्यायालयातून यायला वेळ लागतो. तोवर फाइल पडून राहू नये म्हणून तपास अधिकाऱ्याकडून ‘अद्याप शोध लागला नाही’ असं पत्र मिळवा आणि ते कंपनीला पाठवून बाकी प्रक्रिया सुरू ठेवायला सांगा. पैसे देताना कंपनी सब्रोगेशनच्या, म्हणजे तुमचा हक्क कंपनीकडे देण्याच्या, कागदावर सही घेते. सायकल नंतर सापडली तर तिच्यावर हक्क कंपनीचा. सायकल आधीच सापडली, तर ती मुद्देमाल म्हणून ठाण्यात राहते आणि न्यायालयाच्या आदेशानं सोडवून घ्यावी लागते. त्या वेळी पुन्हा फ्रेम क्रमांकच मालकी ठरवतो.

प्रश्न : मी भाड्यानं राहतो. घर माझं नाही, तर घरविमा कसा घेणार? (हिंजवडी)

फक्त सामानाचा विमा भाडेकरूलाही मिळतो, भारत गृह रक्षेतही. पत्ता भाडेकराराप्रमाणे लिहा आणि घर बदललं की लगेच कळवा. खोलीत इतर मुलं राहत असतील तर ते प्रपोजल फॉर्ममध्ये सांगा. घरातल्या माणसानं किंवा नोकरानं केलेली चोरी बहुतेक कलमांत वगळलेली असते, आणि एकाच किल्लीनं चौघं ये-जा करत असतील तर हा मुद्दा उपस्थित होतोच.

प्रश्न : दार तोडून चोरी झाली, कागद सगळे दिले, तरी दावा नाकारला. कारण : कळवायला उशीर. (सातारा)

एफआयआर वेळेत असेल तर लढा. वाहनचोरीच्या प्रकरणात, पोलिसांत लगेच तक्रार दिलेली असताना केवळ विमा कंपनीला कळवायला उशीर झाला म्हणून दावा नाकारता येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं 2020 मध्ये दिला आहे. तो वाहनांचा असला तरी मुद्दा तोच आहे. त्याचा हवाला देऊन कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा. उशिराचं खरं कारणही लिहा.

महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जा. पुण्यात कार्यालय आहे, गोव्यासाठी मुंबईचं. अर्ज नकारानंतर 1 वर्षाच्या आत करायचा, शुल्क नाही, वकील चालत नाही, 50 लाखांपर्यंतचे वाद तिथं ऐकले जातात. ग्राहक आयोगाची वाट वेगळी आहे, तिथं 2 वर्षांची मुदत असते. एकाच दाव्यासाठी दोन्ही दारं एकदम ठोठावू नका, आयोगात प्रकरण सुरू असेल तर लोकपाल ते घेत नाही.

प्रश्न : मी जर्मनीत श्टुटगार्टला असतो. इथल्या हाउसराट (घरातल्या सामानाच्या) विम्यात सायकल येते का? तळघरात ठेवतो. (एक वाचक)

तळघरातली तुमची स्वतःची कुलूपबंद खोली फोडून नेली तर ती घरफोडी, आणि ती मूळ विम्यातच येते. सामाईक सायकल-खोलीतून काही न फोडता किंवा स्टेशनबाहेरून नेली तर ती साधी चोरी, तिच्यासाठी ‘फाररात’ (सायकल) कलम जोडलेलं हवं. या कलमाची रक्कम एकूण विम्याच्या टक्क्यांत असते. तिथं चौरस मीटरला 650 युरो असा ढोबळ हिशेब वापरतात. 70 मीटरच्या घराला 45,500 युरो होतात, त्याचे 5 टक्के म्हणजे 2,275. सायकल 2,800 युरोंची असेल तर टक्केवारी वाढवून घ्या. जुन्या करारांत रात्री 10 ते सकाळी 6 बाहेर उभ्या सायकलीला संरक्षण नसल्याचं कलम आढळतं, ते काढून टाकायला सांगा. ताशी 25 किलोमीटरपर्यंतची पेडलेक, म्हणजे पायडल मारताना मोटारची मदत मिळणारी सायकल, साधी सायकलच धरतात, 45 ची नाही, तिला स्वतंत्र नंबरप्लेट-विमा लागतो. पोलिसांत तक्रार दिल्यावर सायकल 3 आठवड्यांत सापडली नाही, की दावा पुढं सरकतो.